पँथरची सुई

१९७२ ला मुंबईत दलित पँथर झाली. अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव आपण छातीवर लावलं, मूठ घेतली, डरकाळी घेतली. पण ते काळे पँथर १९७१ पासून वस्तीवस्तीत एक सुई घेऊन फिरत होते, ती घ्यायची राहिली. बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त घ्यायचं, सिकलसेल आहे का ते फुकट सांगायचं. सरकार पाहत नाही तर आम्ही पाहतो, असा तो मामला. १९७२ ला तिथं सिकलसेलचा कायदाही झाला.

हे का उकरतो? मी मूलकडच्या राईस मिलमध्ये कोंडा उपसतो. माझी धाकटी बहीण रात्र रात्र हाडं धरून रडे. माय म्हणे, "पोरीले बाहेरचं लागलं." दवाखान्यात म्हणत मलेरिया, घ्या गोळ्या. डोळे पिवळे झाले तेव्हा काविळीची जडीबुटी. अकरा वर्षं! तिचं रक्त कोणी पाहिलं नाही, कारण तिथं लॅबवालाच नव्हता. मायक्रोस्कोप होता, फडक्यात गुंडाळलेला. शेवटी रिपोर्ट आला, एसएस. दोन महिन्यांनी ती गेली.

तपासणी काय मोठी हो? नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्त, मागं काळ्या रेघांचा कागद. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या की सिकल. पण वाहक एएस की रोगी एसएस, ते नळी सांगत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसीचं यंत्र लागतं. शिबिरात फोटो काढणारे नळीवरच थांबतात, हार घालून घेतात आणि जातात.

एकाच पालकाकडून सिकल आलं तर मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. म्हणून तापाच्या मुलखात ते टिकलं. गोंड-माडियांत आहे, पूर्वाश्रमीच्या महारांत आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, आपण जात टाकली. हे टाकता येत नाही, ओळखता येतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात चारात एक धोका एसएसचा. तान्हेपणी कळलं तर पेनिसिलिन, लशी, पुढं हायड्रॉक्सियुरिया. पोर जगू शकतं.

आपलेच काही शहाणे म्हणतात, तपासलं की जातीवर शिक्का बसेल, पोरींची लग्नं मोडतील. भीती खोटी नाही. अमेरिकेत वाहकांच्या नोकऱ्या अडल्या, विमे अडले. मग रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या, चावडीवर वाचू नका. रक्त न पाहता मेलेल्या पोरीचं कोणतं लग्न वाचलं?

१ जुलै २०२३ ला केंद्रानं मोहीम काढली. सात कोटींची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. ठीक. भामरागडच्या पोराचं रक्त कुठं जाणार, कागद किती दिवसांनी परतणार, हे कोण विचारणार? निवेदनं देण्यात आपण पटाईत आहोत, एक याचंही द्या.

येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांशेजारी एक टेबल रक्ताचं लावू. नळी गढूळ झाली त्या प्रत्येकाचा पुढचा रिपोर्ट हाती येईस्तोवर मागं लागू. मी माझा काढला आहे. एएस.