पांचवींत गेलेलें मूल

जून महिना आला कीं बीड जिल्ह्यांतील कित्येक घरांतलें मूल चौथीपर्यंतच्या शाळेचा निरोप घेऊन मोठ्या विद्यालयांत पांचवीला जातें. वडील मंडळींना ही एका इयत्तेची पायरी वाटते. मुलाचें मात्र सारें जगच बदलतें. कालपर्यंत एकच गुरुजी त्याचें अक्षर, स्वभाव आणि घर ओळखत होते. आतां तासागणिक शिक्षक बदलतात आणि पहिले कांहीं दिवस तरी कोणासही त्याचें नांव ठाऊक नसतें.

आपल्याकडील आजोबा-पणजोबांनीं याहून बिकट पायरी ओलांडली आहे. निजामी अमदानींत माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास गणित आणि भूगोलही परक्या भाषेंत शिकावा लागे. त्याच काळांत मराठवाड्यांत राष्ट्रीय वृत्तीच्या खासगी शाळा उभ्या राहिल्या. अंबाजोगाईचें योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांपैकींच एक. १९३८ च्या सत्याग्रहांत उतरण्यापूर्वीं स्वामी रामानंद तीर्थ तेथें मुख्याध्यापक होते. त्या पिढीचा अनुभव आजही विसरण्याजोगा नाहीं: हुशार मूलही अनोळखी वातावरणांत मुकें होतें, आणि तो दोष मुलाचा नव्हे.

एकत्र कुटुंबांत या वेळीं एक निराळीच अडचण उद्भवते. मूल घरीं येतांच आजोबा, काका, आत्या, आई सारीं एकच विचारतात, "आज काय शिकलास?" प्रेमानें विचारलेला प्रश्नही चौथ्यांदा आला कीं परीक्षा होतो. म्हणून विचारणारें माणूस एकच ठरवावें. आजी असल्यास उत्तम. तिनेंही अभ्यासाचें न विचारतां, "शेजारीं कोण बसतो? डबा कोणाबरोबर खाल्लास?" असें विचारावें. एक सोबती मिळाला कीं अर्धी भीति सरते.

वेळापत्रकाप्रमाणें दप्तर रात्रींच त्याचें त्यानें भरावें. आईनें केवळ पाहावें. एखादी वही विसरली तर विसरूं द्यावी. पहिल्या चाचणीच्या गुणांवरून चुलतभावाशीं तुलना मुळींच करूं नये. सकाळीं वारंवार पोट दुखूं लागलें, तर ढोंग म्हणून रागावूं नये. वैद्यांस दाखवावें आणि वर्गशिक्षकांसही शांतपणें भेटावें.

याच दिवसांत "मला जमत नाहीं" अशी समजूत मुलाच्या मनांत रुजली, तर ती पुढें कित्येक वर्षें निघत नाहीं. तेव्हां दिवाळीपर्यंत गुणांची घाई नको; मूल शाळेंत रमलें कीं अभ्यास मागोमाग येतोच.