आधी पाणी मोजा, पडदे नंतर लावा

शहर ‘डिजिटल’ करायचं म्हटलं की आपल्या पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना दोनच गोष्टी सुचतात: चौकाचौकांत कॅमेरे आणि वातानुकूलित खोलीत त्यांची चित्रं दाखवणारे भिंतभर पडदे. मला या दोन्हींचा तिटकारा आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्या शहरात बायामाणसं व्हॉट्सॲपवर एकमेकींना ‘तुमच्याकडे नळ आले का?’ म्हणून विचारतात, तिथे आधी पडदा विकत घेणं ही लोकांची शुद्ध फसवणूक आहे. मी जालन्यात राहतो, इथलंच पाणी पितो, म्हणून जालन्यावरच बोलतो.

जालन्याला पाणी प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येतं. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीतला. तिथलं पाणी उताराने शहराकडे येतं. त्याला पंप लागत नाही. दुसरं पाणी जायकवाडीचं. तिथला जलाशय, नाथसागर, काठोकाठ भरला तरी त्याची पातळी 1522 फूट, आणि जालना त्याहून उंचावर, शिवाय कितीतरी लांब. म्हणजे ते पाणी विजेच्या जोरावर चढवत आणायचं. 2012-13 च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडाठाक पडला, शहर टँकरवर आलं, आणि त्यानंतर जायकवाडीच्या जलवाहिनीने शहराला तारलं. त्या योजनेचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या दिवसापासून आपला जीव लांबच्या धरणात, तिथल्या पंपात आणि त्या पंपाच्या वीजबिलात अडकला. संकटात तगून राहायचं असेल, तर या दोन्ही पाण्यांचा रोजचा हिशेब डोळ्यांसमोर हवा.

हिशेब काय असतो ते बघा. 2011 च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या 2,85,577 होती. नळपाण्याचा सरकारी निकष दरडोई दररोज 135 लिटर. गुणाकार केला की रोजचे साधारण 3 कोटी 85 लाख लिटर होतात, आणि ही झाली पंधरा वर्षांपूर्वीची लोकसंख्या. आता सांगा, काल घाणेवाडीतून किती लिटर आलं? जायकवाडीतून किती उचललं आणि जालन्यात किती पोचलं? कोणत्या जलकुंभातून किती सुटलं? त्यातलं घरांत किती उतरलं आणि वाटेत किती गायब झालं? सकाळी चहाच्या टपरीवर हे आकडे सांगू शकेल असा एक तरी माणूस तुमच्या ओळखीचा आहे का? सोन्याचा भाव, कापसाचा भाव, मोसंबीचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. पाण्याचा आकडा कोणालाच माहीत नसतो, कारण तो कोणी दाखवत नाही.

पाणीपुरवठ्याचं खरं ज्ञान कुठे असतं, ते मी जवळून पाहिलंय. व्हॉल्व्हमन लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण बाजूला सारतो, चावी खाली बसवतो आणि आटे मोजत फिरवतो. या गल्लीला बारा आटे, त्या चढावरच्या वस्तीला पूर्ण खोलायचा, पलीकडचा अर्धा ठेवायचा नाहीतर खालच्या भागात पाइप फुटतो. हे कुठल्याही नकाशावर नाही, कुठल्याही वहीत नाही. ते त्या माणसाच्या मनगटात आहे. तो आजारी पडला, निवृत्त झाला, त्याची बदली झाली, की सगळ्या वस्तीचं वेळापत्रक कोलमडतं. तंत्रज्ञानाचं पहिलं काम इथे आहे! प्रत्येक व्हॉल्व्ह नकाशावर आणा, त्याचे आटे नोंदवा, तो उघडला की वेळेची नोंद आपोआप होऊ द्या आणि नळ यायच्या आधी त्या भागातल्या लोकांच्या मोबाइलवर संदेश जाऊ द्या. नळाची वाट बघत दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या बाईला कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा हा एक संदेश जास्त मोलाचा आहे. जलकुंभाच्या तोंडाशी प्रवाहमापक आणि वितरणाच्या शेवटच्या टोकाला दाबमापक बसवा. कोणत्या गल्लीत नळाला मोटारी लावून पाणी ओढलं जातं आणि कुठे पाइप जमिनीत गळतोय, ते शोधायची दिशा लगेच मिळेल.

‘हे मोठ्या शहरांचं काम, आपल्याला पैसा कुठून?’ हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्याची चीड येते. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. जालन्याच्या तुलनेत अगदीच लहान गाव. त्या गावाने दीड दशकापूर्वीच चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. घरोघर मीटर बसवले, तेही असे की कर्मचारी दारात न येता रेडिओ लहरींवरून रीडिंग घेतलं जातं. दर टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा: कमी वापरणाऱ्याला स्वस्त, उधळणाऱ्याला महाग. मीटर म्हणजे गरिबावर बोजा, ही ओरड तिथल्या दरपत्रकाने खोटी पाडली. उलट मीटर नसतो तेव्हाच गरीब लुटला जातो. त्याला नळाची पट्टीही भरावी लागते आणि टँकरलाही रोख मोजावी लागते.

आता पैसा ओतलेलं शहर बघा, तेही शेजारचंच. स्मार्ट सिटी अभियान 2015 च्या जूनमध्ये जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी त्यात औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची निवड झाली. कॅमेरे लागले, नियंत्रण कक्ष उभा राहिला, बस धावल्या. बस चांगल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन व्हायला डिसेंबर 2020 उजाडला, आणि त्यानंतरही तिथले लोक नळासाठी आठवडा-आठवडा थांबत राहिले. जायकवाडीच्या इतक्या जवळचं शहर तहानलेलं राहतं आणि त्याच्या नावापुढे ‘स्मार्ट’ लागतं, हा क्रमच उलटा आहे. जालना त्या अभियानातल्या शंभर शहरांत नव्हतं, याचं मला जराही दुःख नाही. 2023 मध्ये आपली नगरपालिका महापालिका झाली. आता तीच चूक इथे मोठ्या थाटात करायची तयारी कोणी करत असेल, तर त्याला आजच अडवायला हवं.

पावसाचं घ्या. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत, ती पाऊस मोजतात. त्या आकड्याचा आपण उपयोग काय करतो? 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरायची, मग पंचनामे आणि विम्याची भांडणं. म्हणजे घर वाहून गेल्यावर भरपाई ठरवायला आकडा आहे, पण माणूस वेळेत हलवायला नाही! कुंडलिका आणि सीना या नद्या शहराच्या पोटातून वाहतात. वरच्या अंगाला पाऊस कोसळला की काठावरच्या वस्त्यांना थोडा तरी वेळ मिळू शकतो. वरच्या मंडळाचं पर्जन्यमापक, पुलाखाली एक पातळीमापक आणि वस्तीत भोंगा यांची सांगड घातली की तो वेळ हाती येतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पुराचं जे रूप पाहिलं, त्यानंतरही हे जमत नसेल तर त्याला निसर्गाचा कोप म्हणू नका, हलगर्जी म्हणा.

जमिनीखालच्या पाण्याची कथाही अशीच. अटल भूजल योजनेत राज्यातले जे 13 जिल्हे घेतले त्यात जालना आहे, आणि त्या योजनेत गावांच्या पातळीवर भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद लोकांपुढे ठेवायचा असतो. गावाने जे करायचं, ते शहराने का करू नये? शहरात माणसं शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा खोल बोअर मारतात आणि त्यालाच शहाणपण समजतात. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, विहिरींची नोंदणीही सांगितली आहे. प्रत्येक बोअर नकाशावर टाका आणि वॉर्डावॉर्डांत निरीक्षणाच्या बोअरमध्ये पातळीमापक सोडा. मार्चमध्येच दिसेल की मे कसा जाणार आहे.

हे सगळं ज्यांना स्वप्नरंजन वाटत असेल त्यांनी शहरापासून जवळच्या कडवंचीला जाऊन यावं. 1996 मध्ये तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम सुरू झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने पाठ राखली. बांधबंदिस्ती झाली, शेततळी झाली आणि दुष्काळी शिवारात द्राक्षं उभी राहिली. तेव्हा कोणाकडे ॲप नव्हतं. पडलेला पाऊस, अडवलेलं पाणी आणि पिकाला लागणारं पाणी यांचा मेळ घालायची शिस्त होती. ही शिस्त नसलेल्या माणसाच्या हाती उपग्रहाचं चित्र दिलं तरी तो त्याचा फलक छापून चौकात लावेल, त्यात आपला फोटो घालून.

हवेबद्दल थोडक्यात. 2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जालन्याचं नाव आहे. पोलादाच्या भट्ट्यांनी इथे हजारो घरं चालवली, हे मान्य. पण हाताने नमुने घेणाऱ्या केंद्रावर आठवड्यातून दोनदा, वर्षाला 104 वेळा हवा मोजायची आणि भट्ट्या मात्र रात्रंदिवस पेटत्या, हा न्याय नाही. चिमणीवरच्या यंत्राचं चोवीस तासांचं रीडिंग कारखान्याच्या फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं लावा.

मग अडतं कुठे? यंत्रं बाजारात मिळतात. ती वाचायला शिकलेली पोरं तर आपल्याकडेच आहेत. 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं संकुल इथे आहे, तंत्रनिकेतनं आहेत. अडतं ते न मोजण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांच्यापाशी. पाणी मोजलं की बेकायदा जोडणी उघडी पडते, टँकरच्या खोट्या खेपा उघड्या पडतात, पुढाऱ्याच्या गल्लीला दोन तास आणि मागच्या झोपडपट्टीला वीस मिनिटं, हेही उघडं पडतं. कॅमेरा रस्त्यावरच्या माणसावर नजर ठेवतो, म्हणून तो त्यांना आवडतो. मीटर सत्तेवर नजर ठेवतो, म्हणून तो नको असतो.

वाचकांनो, आपण मागायचं ते इतकंच. प्रत्येक जलकुंभावर एक फलक आणि प्रत्येक मोबाइलवर तोच मजकूर: काल किती पाणी आलं, किती सुटलं, कोणत्या भागाला किती वेळ मिळालं, किती गळालं, पुढचं पाणी कधी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अशी माहिती कोणी अर्ज न करताही प्रशासनाने स्वतःहून द्यायची असते, आणि तो कायदा 2005 चा आहे. नगरसेवक दारात आला की रस्ता आणि गटार विचारण्याआधी हा फलक विचारा. तो लागेपर्यंत एकाही पडद्याच्या निविदेला मान डोलावू नका.