फुंकणी आणि श्वास

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला म्हणजे घरातील मंडळी पैशांची, रजेची आणि डब्याची सोय पाहू लागतात. श्वासाचीही सोय आधी पाहावयाची असते, हे आम्हांस वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते आमच्या थोरल्या भगिनीच्या निमित्ताने कळले, म्हणून या वेळी हे पान त्या विषयास देत आहोत.

आमची ही बहीण, अक्का, निपाणीस असते. वडील अकाली गेल्यावर चौदाव्या वर्षी ती तंबाखूच्या वखारीत चाळणीच्या कामास लागली आणि तीस वर्षे तेथेच राबली. वखारीत धूळ इतकी की नवख्या माणसास दाराशीच ठसका लागावा. नाकातोंडावर पदर बांधून बायका काम करीत आणि संध्याकाळी घरी येऊन खोकत. १९८१ साली तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने निपाणीचे नाव देशभर झाले. चाळणीवरच्या या बायकांच्या छातीत काय साठत आहे याची वार्ता मात्र फारशी कोठे पोहोचली नाही. आमच्या एम.ए.ची फी त्या धुळीतून आली. हे लिहिताना संकोच वाटतो, पण न लिहिणे अधिक वाईट.

गेल्या वर्षी अक्काच्या पित्ताशयात खडे निघाले. पूर्वी एकदा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे या वेळी दुर्बिणीने भागणार नाही, पोट उघडावे लागेल, असे बेळगावच्या शल्यविशारदांनी सांगितले. तारीखही मिळाली. परंतु भूलतज्ज्ञांनी छातीला नळी लावून ऐकले, दोन जिने चढावयास लावले, मिश्रीची चौकशी केली आणि चार आठवडे थांबा म्हणाले. भाचे चिडले. रजा मंजूर करून घेतलेली, गाडी ठरलेली! खरे सांगावयाचे तर आम्हीही मनातून चिडलो होतो.

निघताना कोणीतरी औषधांच्या पिशवीत एक प्लॅस्टिकचे यंत्र घालून दिले. तीन उभ्या नळ्या, त्यांत तीन गोळ्या, खाली एक लवचिक नळी. सोबत इंग्रजी व कन्नड मजकुराचा कागद. 'दिवसातून पुष्कळदा करा' एवढेच तोंडी सांगणे.

आठवड्याने आम्ही निपाणीस गेलो तेव्हा अक्का हताश होऊन बसली होती. ''आरं मास्तर, फुकून फुकून माझं गाल दुखाय लागलं. एक गोळी हलंना. माझ्या छातीत दमच राहिला न्हाई बघ.''

फुंकून! जन्मभर चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईच्या हाती नळी दिली तर ती दुसरे काय करील? यंत्र श्वास आत ओढण्याचे होते आणि ती त्यात श्वास सोडीत होती. गोळ्या हलणार कशा? परंतु त्या आठ दिवसांत तिने आपल्या मनाशी निकाल लावून टाकला होता की आपण या शस्त्रक्रियेतून उठणार नाही. धाकट्या सुनेस तिने दागिन्यांचा डबाही दाखवून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन आम्ही बेळगाव गाठले. तेथील फिजिओथेरपिस्ट बाई गोकाककडच्या, वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. त्यांचे मराठी मोडके आणि आमचे कन्नड त्याहून मोडके. त्या 'उसिरु' म्हणत, आम्ही 'श्वास' म्हणत होतो. अखेर त्यांनी एक हात अक्काच्या पोटावर ठेवला, दुसऱ्या हाताने तिचाच हात आपल्या पोटावर ठेवून घेतला, आणि सावकाश श्वास घेऊन दाखविला. पोट वर आले. अक्काचेही आले. मग नळी तोंडात धरून, जणू उसाचा रस ओढावा तसा श्वास ओढावयास सांगितले. पहिली गोळी टुणकन वर गेली आणि अक्का लहान मुलीसारखी हसली.

त्या अर्ध्या तासात तिला तीन गोष्टी आल्या. श्वास झटक्याने न घेता सावकाश, पोटापर्यंत घ्यावयाचा. भरला की तीन ते पाच आकडे मोजेपर्यंत आत धरावयाचा. आणि खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबून खोकावयाचे. 'दम धर' हा शब्दप्रयोग आम्ही वर्गात हजारदा केला असेल. शब्दशः अर्थाने तो शिकविताना प्रथमच पाहिला.

आम्ही पेशाने शिक्षक, म्हणून पुढील हकीकत विशेष मोलाची वाटली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या ४४१ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना माहितीची पुस्तिका दिली होती. त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी अर्धा तास प्रत्यक्ष बसवून, शुद्धीवर येताच श्वासाचे व्यायाम कसे करावयाचे हे शिकविले. नुसती पुस्तिका मिळालेल्यांत शेकडा सुमारे २७ जणांना फुप्फुसांचे उपद्रव झाले; शिकविलेल्यांत १२ जणांना. औषध नाही, यंत्र नाही, अर्ध्या तासाचा एक पाठ! उलट त्या गोळ्यांच्या यंत्राने एकट्याने फार लाभ होतो, असे आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. कागद हाती देणे म्हणजे शिकविणे नव्हे, हे आम्ही नव्या शिक्षकांना सांगत असतोच. आता त्यासाठी आधारही मिळाला.

श्वास इतका महत्त्वाचा का, हे भूलतज्ज्ञांनी समजावून दिले. संपूर्ण भूल देताना औषधाने स्नायू सैल पडतात आणि रुग्णाचा श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी बसून यंत्राने श्वास सुरू होईपर्यंत देह शिलकीवर जगतो. साधा श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. परंतु तिच्यातील बहुतेक भाग नायट्रोजनचा, प्राणवायू अर्धा लिटरही नाही. देहाला दर मिनिटास साधारण पाव लिटर लागतो. म्हणजे शिल्लक एक-दोन मिनिटांची. भूल देण्यापूर्वी तीन मिनिटे घट्ट मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला म्हणजे नायट्रोजन धुऊन निघतो, त्या जागी दोन लिटरांच्या आसपास प्राणवायू भरतो, आणि निकोप माणसास सात-आठ मिनिटांची सवड मिळते. नळाला उद्या पाणी नाही असे कळल्यावर आपल्याकडे रांजण भरून ठेवतात, तसेच हे. मात्र स्थूल माणसे, गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि छातीचे रुग्ण यांचा रांजण लवकर रिता होतो. अक्का शेवटच्या वर्गातली.

तो मुखवटा पुष्कळ रुग्ण गुदमरल्यासारखे वाटून दूर सारतात. कडेने फट राहिली की बाहेरची हवा आत शिरते आणि सारी तयारी फुकट जाते. वाचकांपैकी कोणावर प्रसंग आल्यास एवढे ध्यानात ठेवावे की तो मुखवटा गुदमरविण्यासाठी नसतो. तो घट्ट बसू द्यावा आणि संथ श्वास घ्यावा.

बेळगावकरांना डिसेंबर १९२४ चे काँग्रेस अधिवेशन ऐकून तरी माहीत असते. महात्माजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. त्याच वर्षी १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली होती. मध्येच वीज गेली, विजेरीही विझली, आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्या काळी भूल म्हणजे बहुधा क्लोरोफॉर्म वा ईथर, आणि रक्तात प्राणवायू किती हे ओळखावयाचे ते ओठांच्या व नखांच्या रंगावरून. ती निळसर छटा डोळ्यांस दिसेपर्यंत प्राणवायू पुष्कळ उतरलेला असतो. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ती काय दिसणार! बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी सुचविली ती १९७४ साली. २०२०-२१ च्या साथीत ते यंत्र खेडोपाडी पोहोचले. तेही शिल्लक किती उरली ते सांगत नाही. रांजण तळाशी जाईपर्यंत आकडा शंभराच्या जवळ राहतो आणि मग भराभर घसरतो.

शेजारच्या एका उत्साही गृहस्थांनी अक्कास रोज कपालभातीची शंभर आवर्तने सांगितली होती. पोटाला असे हिसके या अवस्थेत नकोत, म्हणून डॉक्टरांनी ती बंद करविली. प्राणायामाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची प्रयोगशाळेत परीक्षा करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनाही, प्राणायामाचे मोल केवळ अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, ही समजूत मान्य नव्हती. निकोप माणसाचे रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या व्यायामाचा हेतू निराळा. भूल दिल्यावर बहुतेकांच्या फुप्फुसांचा तळाचा काही भाग मिटतो. जाग आल्यावर टाके दुखतात म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि न्युमोनियास वाट मिळते. मिटलेले ते उघडावयाचे कसे, हे दुखू लागण्यापूर्वीच शिकलेले बरे.

चार आठवडे अक्काने मिश्री सोडली. पहिले आठ दिवस ती कोणाशी धड बोलत नव्हती. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर याहून आधी सुरुवात करावी. चार आठवडे वा अधिक थांबल्यास छातीला लाभ होतो. तेवढा अवधी नसला तरी एक दिवस थांबल्यानेही धुराचा कार्बन मोनॉक्साइड रक्तातून पुष्कळसा उतरतो आणि प्राणवायूस जागा होते. हा वायू भरलेला असताना बोटावरचे यंत्र फसते व आकडा चांगला दाखविते, हेही सांगून ठेवतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दाराबाहेर आम्ही तीन तास होतो. संध्याकाळी तिला पूर्ण शुद्ध आली. डोळे उघडल्यावर तिने खुणेने उशी मागितली. आम्हांस वाटले, डोक्याखाली हवी. तिने ती पोटाशी धरली आणि सावकाश श्वास ओढू लागली. दुखत होते, ते चेहऱ्यावर दिसत होते. पाचपर्यंत ओठांत मोजून मग खोकली. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसली, तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालली. न्युमोनिया झाला नाही. दागिन्यांचा डबा परत कपाटात गेला.

तिसरी गोळी मात्र तिला अजून उचलत नाही. वखारीची तीस वर्षे चार आठवड्यांत निघून जाणार नाहीत, आणि भूलतज्ज्ञांनीही तसे कबूल केले नव्हते. अलीकडे गल्लीतील कोणा बाईची शस्त्रक्रिया ठरली की ती अक्काकडे येऊन बसते. ''फुकायचं न्हाई गं, वढायचं,'' असा तेथे पाठ चालतो. एकीने ते यंत्रच मागून नेले, तेव्हा तोंडात धरावयाची नळी एकमेकांची वापरू नये म्हणून आम्ही तिला औषधांच्या दुकानातून नवे आणून दिले.