बोटांचा बधिरपणा व आपली बेपर्वाई

बैलाचा पाय मुरगळला तर आपण त्याच दिवशीं जाणत्याकडे धांव घेतों. परंतु स्वतःच्या बोटांस महिनोन्‌महिने मुंग्या येत असतां "वात आहे, जाईल" म्हणून स्वस्थ बसतों. ही रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. महसूल खात्यांत लेखणी झिजवून निवृत्त झाल्यावर आमच्याच उजव्या हाताचीं तीन बोटें रात्रीं बधिर होऊं लागलीं, म्हणून या विषयाची आम्हीं विशेष चौकशी केली.

बधिर बोटें कोणतीं, हें प्रथम पाहावें. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यांतच मुंग्या येत असतील आणि रात्रीं हात झटकल्यावर बरें वाटत असेल, तर मनगटाच्या अरुंद वाटेंत मज्जातंतु चेपला जात असण्याचा संभव फार. धारा काढणें, विळ्यानें कापणी करणें यांनीं तो विकार वाढतो. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्रीं बांधल्यानें पुष्कळांस उतार पडतो, आम्हांसही पडला. करंगळीकडचीं बोटें बधिर असल्यास दोष बहुधा कोपराशीं असतो. पायांचीं बोटें आधीं बधिर होऊन मग हातांवर पाळी आली असेल, तर मधुमेहासाठीं रक्त तपासून घ्यावें. घरचें सगळें दूध डेअरीस घालून स्वतः कोरा चहा पिणाऱ्या शाकाहारी गृहस्थांनीं ब-१२ जीवनसत्त्वाचीही तपासणी करवावी!

परंतु ज्या कारणाचें नांव घेण्यास लोक कचरतात, तें कुष्ठरोगाचें. अंगावर फिकट वा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाहीं, हातांत जोर राहत नाहीं, अशीं याचीं लक्षणें. हा रोग जंतूंपासून होतो, पूर्वजन्मींच्या पापापासून नव्हे, हें नॉर्वेचे हान्सेन यांस १८७३ सालीं दिसून आलें. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावें लागतें, व तें सुरू झाल्यावर रोग दुसऱ्यास लागण्याचें भय लवकरच सरतें. रोग्यांस वेगळें कोंडण्याचा १८९८ सालचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग २०१९ सालीं वगळला गेला. कायद्याच्या पुस्तकांतून गेला, पण आपल्या ओसरीवरून गेला नाहीं. मुलीचें लग्न अडेल या धास्तीनें चांगले खातेदार चट्टा सदऱ्याखालीं झांकून ठेवितात. औषधानें जंतु मरतात खरे. पण फार दिवस दुखावलेला मज्जातंतु पुन्हा सुधारेलच असें नाहीं. बोटें आंखडतात, आणि मग ज्या गोष्टीची लाज धरिली ती सगळ्या गांवास दिसते. लपविण्याचा फायदा तो कोणता?

सुगीच्या दिवसांत दवाखान्याची खेप कोण घालणार, असें कोणी विचारील. तलाठ्याकडे एका उताऱ्यासाठीं तीन खेपा घालणारे लोक आम्हीं जन्मभर पाहिले आहेत. हाताकरितां एक खेप जड नसावी.

उपचार चालू असतांना बधिर हाताचा भरंवसा धरूं नये. गुऱ्हाळावर किंवा चुलीशीं भाजल्याचें त्यास कळत नाहीं. विळ्याच्या मुठीस कापड गुंडाळावें व रोज सांजेस दिव्याच्या उजेडांत दोन्ही तळवे पाहून जखम असल्यास ती धुऊन बांधावी.

आपल्या मंडळानें येत्या वार्षिक सभेस सरकारी डॉक्टरांस पाचारण करून सभासदांचे हात तपासवावे, अशी आमची सूचना आहे. स्त्रियांस व गड्यांसही त्या दिवशीं बोलवावें. खर्च चहापाण्याहून अधिक येणार नाहीं.