कमरपट्ट्यावरचा देव

पहिल्या महायुद्धातल्या बहुतेक जर्मन शिपायांच्या कमरपट्ट्याच्या बक्कलवर ‘देव आमच्यासोबत’ हे शब्द कोरलेले असत. त्यात देवाची विटंबना होते, असं सरकारला वाटलं नाही. १९२८ साली बर्लिनचे चित्रकार जॉर्ज ग्रोस यांनी क्रुसावरच्या येशूला गॅस मास्क आणि लष्करी बूट चढवले आणि त्या रेखाटनाला ‘तोंड बंद ठेव आणि चाकरी करत राहा’ असं नाव दिलं. तेव्हा मात्र धर्मनिंदेचा खटला उभा राहिला. ग्रोस आणि त्यांचे प्रकाशक वीलांट हेर्त्सफेल्डे यांना प्रत्येकी २००० मार्कांचा दंड झाला. पुढच्या वर्षी अपिलात दोघे सुटले, तरी प्रकरण १९३१पर्यंत धुमसत राहिलं.

बक्कलवरच्या त्या शब्दांचा भार ग्रोस यांनी अंगावर वागवला होता. १९१४ साली ते स्वतःहून सैन्यात गेले. १९१७मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा मन कोलमडलं आणि इस्पितळ गाठावं लागलं. १९२०मध्ये लष्करावरच्या चित्रमालिकेला त्यांनी बक्कलवरचेच शब्द शीर्षक म्हणून दिले, आणि पुढे सैन्याच्या बदनामीबद्दल दंड भरला.

त्यांचं १९२६चं ‘समाजाचे आधारस्तंभ’ हे चित्र आजही डोळे उघडतं. पुढे टायवर स्वस्तिकाची पिन लावलेला गृहस्थ आहे. त्याच्या गालावर द्वंद्वयुद्धाचा व्रण आहे, म्हणजे त्या काळच्या विद्यार्थी संघटनांनी दिलेलं मर्दानगीचं प्रमाणपत्रच. एका हातात बिअरचा मग, दुसऱ्यात तलवार, आणि उघड्या कवटीतून घोडेस्वार उसळी घेतोय. त्याच्या मागे पत्रकार आणि पुढारी. त्यांच्याही मागे तांबड्या चेहऱ्याचा धर्मगुरू डोळे मिटून, हात पसरून आशीर्वाद देतोय. त्याच्या पाठीशी इमारत पेटलेली आहे आणि शिपायाची तलवार रक्ताळलेली.

ही मांडणी हेच ग्रोस यांचं राजकीय आकलन आहे. सर्वनाशाची भीती घालणाऱ्या राजकारणाला आधी एक ठरावीक पुरुष घडवावा लागतो: शंका म्हणजे भेकडपणा आणि दया म्हणजे बायकी दुबळेपणा मानणारा. मग त्याच्या हिंसेला पुण्याईचा शिक्का लागतो, आणि तो मारायला धर्म हाताशी असतो. ‘आपण बुडणार’ या हाकाटीने घाबरलेला माणूस हत्यार उचलतो आणि त्यालाच शौर्य समजतो. ज्या आगीची भीती दाखवली, ती अशी त्याच्याच हातून लागते.

जानेवारी १९३३मध्ये ग्रोस यांनी अमेरिकेची वाट धरली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हिटलर चान्सलर झाला. चार वर्षांनी नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात ग्रोस यांची चित्रंही टांगली होती. आणि दुसऱ्या महायुद्धातही जर्मन भूसेनेच्या बक्कलवर देव होताच.

त्या रेखाटनातला येशू खंदकातल्या पोराचं दुःख स्वतःच्या तोंडावर घेऊन लटकला आहे. श्रद्धेच्या जवळचं याहून काय असणार? म्हणून कुठल्याही चित्राने धर्म दुखावला अशी ओरड झाली, की भाविकाने आधी एवढंच पाहावं: आपल्या देवाचं नाव कुणी कमरेला बांधलं आहे, आणि तो कुणाला मारायला निघाला आहे.