बॅटरीआधी टाकी

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा जिल्ह्यात कुणी ‘उष्णता साठवून ठेवा’ म्हणालं, तर ऐकणारा आधी हसतो आणि मग कूलरमध्ये पाणी टाकायला उठतो. हसू येणं साहजिक आहे. पण त्या हसण्यामागे काही पक्के समज आहेत आणि ते तपासायची वेळ आता आली आहे. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्यानं २०१७ सालीच आणली. घरांच्या छपरांवरही पॅनेल चढली. दुपारी वीज मुबलक आणि दिवेलागणीला टंचाई, हा त्यापुढचा पेच. त्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर असतं: बॅटरी. माझं म्हणणं असं की, वर्ध्यासारख्या जिल्ह्यानं आधी उष्णता आणि थंडावा साठवायला शिकावं. बॅटरीचा नंबर त्यानंतरचा.

आता आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप त्या हसण्यातलाच: इथे उष्णता काय कमी आहे, की ती साठवायची? याचं उत्तर ज्यानं-त्यानं आपल्या स्लॅबला विचारावं. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब सुमारे २८ टनांचा असतो. दिवसभराच्या उन्हात तो पंधरा अंशांनी तापला, तर त्यात शंभर युनिटांच्या आसपास उष्णता साठते. ती तो बाहेर तर टाकतोच, पण रात्री एकपर्यंत आपल्या अंगावरही ओततो. म्हणजे उष्णतेचा साठा आपण केव्हाच बांधला आहे, फक्त तो नेमका डोक्यावर आहे! वऱ्हाडातल्या जुन्या मातीच्या घरांनाही जाड भिंती होत्या, पण माणसं रात्री अंगणात खाटा टाकत. साठा कुठे आहे आणि तो कधी रिकामा होतो, याचं भान त्या घरांना होतं. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारला तर ऊन परत फिरतं आणि साठा मुळातच कमी भरतो. तेव्हा उष्णता साठवायची की नाही हा वाद निरर्थक आहे. ती साठतेच. कुठे साठवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: बॅटरी स्वस्त झाली, मग हे उपद्व्याप कशाला? स्वस्त झाली, हे मान्यच करायला हवं. एक युनिट साठवणारा लिथियमचा पॅक २०१० साली हजार डॉलरहून महाग होता. २०२४ मध्ये त्याचा जागतिक सरासरी भाव ११५ डॉलरवर आला. पण भाव उतरला म्हणून वस्तू प्रत्येक कामाला योग्य ठरत नाही. हजार लिटर पाणी चाळीस अंशांनी तापवलं, की त्यात साडेसेहेचाळीस युनिट उष्णता साठते. तेवढी ऊर्जा बॅटरीत धरायची, तर या भावानं नुसत्या पॅकचेच साडेचार लाखांच्या घरात जातात. टाकी, तिचं आवरण आणि नळजोडणी यांचा खर्च या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. शिवाय पाण्याची टाकी हजारो वेळा तापली आणि निवली तरी पाण्याची उष्णता धरायची क्षमता घटत नाही.

हुशार प्रतिपक्षी इथे मध्येच म्हणेल, “गिझर कशाला, हीट पंप लावा. एका युनिट विजेवर तो तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे बॅटरी एक-तृतीयांश पुरेल.” बरोबर आहे. पण तोच हीट पंप दुपारी पॅनेलच्या विजेवर चालवून टाकी तापवून ठेवली, तर पाण्यापुरती बॅटरी लागतच नाही. हीट पंपाचा मुद्दा मांडला जातो बॅटरीच्या बाजूनं आणि साक्ष देतो टाकीच्या बाजूनं.

तिसरा आक्षेप: उष्णता टिकत नाही, गळते. गळते, पण किती, हे आकारावर आणि आवरणावर ठरतं. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की आतला साठा आठपट होतो आणि गळतीचा पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो. म्हणून पातेलं लवकर निवतं आणि मोठी टाकी रात्र काढते. कॅनडातल्या ड्रेक लँडिंग वसाहतीत २००७ पासून उन्हाळ्याची उष्णता १४४ कूपनलिकांमधून जमिनीत सोडून ५२ घरं हिवाळ्यात उबदार ठेवली गेली. जुन्या झालेल्या यंत्रणेची देखभाल जड झाली आणि २०२४ साली ती बंद पडली, हेही सांगायला हवं. फिनलंडमध्ये कांकानपा इथे २०२२ साली शंभर टन वाळू पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवून शहराच्या उष्णता-जाळ्याला जोडली गेली. त्या देशांना महिन्यांची साठवण करावी लागते. आपल्याला दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची पुरते. आवरणाचं म्हणाल तर तो माल शिवारात पडला आहे. कापसाचा कचरा, सोयाबीनचं कुटार, गवत हे कोरडे राहिले तर उष्णता चांगली अडवतात. उंदीर, ओल आणि आग यांपासून त्यांना जपावं लागेल आणि पाण्याच्या उकळबिंदूपलीकडच्या साठ्याजवळ ते नेताच येणार नाहीत. पण गरम पाण्याच्या टाकीला ते चालतील.

चौथा आक्षेप शास्त्रीय आहे: साठवलेल्या उष्णतेतून परत वीज करायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. नव्वद अंशांचं पाणी आणि बाहेर चाळीस अंशांची हवा, एवढ्या फरकावर जगातलं सर्वांत आदर्श यंत्रही चौदा टक्क्यांपलीकडे वीज देऊ शकत नाही. प्रत्यक्षातलं तर त्याहून बरंच कमी देईल. स्पेनमधल्या अँडासोल प्रकल्पात वितळलेल्या क्षारांत उष्णता धरून रात्री वीज काढतात खरी, पण तिथे तापमान चारशे अंशांच्या आसपास असतं आणि एकेका संचाला अठ्ठावीस हजार टनांहून जास्त क्षार लागतो. तेव्हा आक्षेप खरा आहे. आणि गैरलागूही. उष्णतेतून वीज काढा, असं इथे म्हटलंच कुणी? जग जी ऊर्जा वापरतं, तिच्यातला निम्म्याच्या आसपास वाटा शेवटी उष्णता म्हणूनच खर्च होतो: शिजवणं, वाळवणं, धुणं, तापवणं, वितळवणं. या निम्म्या कामासाठी ऊन, मग वीज, मग रसायन, मग पुन्हा वीज आणि मग उष्णता असा फेरा घ्यायचा कशाला? शिर्डीच्या साईप्रसादालयात २००९ साली ७३ शेफलर तबकड्या बसवल्या, त्या उन्हातून थेट वाफ करून स्वयंपाकाला द्यायला. उन्हाचं काम उन्हाच्याच रूपात, इतकं साधं गणित त्यामागे आहे.

पाचवा आक्षेप खास वर्ध्याचा आहे. “हे सगळं आश्रमी प्रयोगांचं सामान, त्याची जागा संग्रहालयात.” इतिहास टोमणा मारण्याइतका दमदार आहेच. १९३४ साली इथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी चुलीपासून दिव्यापर्यंत प्रयोग केले. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. १९७६ साली देवेंद्रकुमारांनी ग्रामीण विज्ञानाचं केंद्र उभारलं आणि पुढे इथेच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आकाराला आली. एवढं असूनही सौरचूल घराघरात गेली नाही, हे खरं आहे. पण का गेली नाही? १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची सौरचूल बाजारात पडली आणि नंतरच्या अनुदानाच्या पेट्याही माळ्यावर गेल्या. कारण त्या चुली सूर्य डोक्यावर असतानाच रांधायला सांगत होत्या आणि घराला जेवण हवं होतं संध्याकाळी. चुलीत खोट नव्हती, तिच्यामागे साठाच नव्हता. इंडियन ऑइलनं २०२२ साली मांडलेल्या ‘सूर्य नूतन’ या घरात ठेवायच्या चुलीत उष्णता साठवायची सोय आहे. त्या जुन्या चुलींत राहून गेलेली कडी ती हीच.

आणि एक शब्द दुसऱ्या बाजूच्या मंडळींसाठी, जी म्हणतात की आपलं जुनंच सारं थोर. रोडगे गोवऱ्यांच्या फुफाट्यात भाजतात, तेव्हा ज्योत विझलेली असते आणि साठलेली धग काम करते. तत्त्व अस्सल उष्णता-साठवणीचं आहे. पण त्याआधीचा धूर रोज गिळणाऱ्या बाईची फुप्फुसं त्या थोरवीत धरायची की नाहीत? तत्त्व घ्यावं, धूर सोडावा. कुमारप्पांनी खाणीतला संपणारा साठा आणि वाहत राहणारा नैसर्गिक प्रवाह यांत फरक केला होता. रोज येणारं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवणं म्हणजे प्रवाहाचाच वापर आहे. त्याला साठेबाजी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

खंडन इथे पुरे. आता वर्ध्यात करायचं काय?

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काढणीनंतर ही हळद उकडावी लागते. क्विंटलभर ओली हळद पंचवीस अंशांवरून पंचाण्णव अंशांवर न्यायला मुळात लागतात साडेसात युनिटांच्या आसपास. उघड्या भट्टीत पऱ्हाट्या आणि लाकूड जळतं त्यातला मोठा भाग धुरात आणि वाऱ्यात जातो. वाफेवर उकडायची तर आदल्या दिवशी तापवलेलं पाणी थोडीच बचत करेल, कारण वाफ करणं हाच खरा खर्च असतो. पण पाण्यातच उकडायची असेल, तर ऐंशी-पंच्याऐंशी अंशांची सामाईक टाकी बरंचसं काम उरकून देते आणि इंधनाला फक्त शेवटचा टप्पा राहतो. फेब्रुवारी-मार्चचं निरभ्र ऊन त्या हंगामाला आयतंच असतं.

दुसरं काम दुधाचं. हा गवळाऊ गाईंचा मुलूख. शहरात गोरस भांडार आणि त्याचा गोरसपाक. दूध येतं भल्या पहाटे आणि सांजेला, म्हणजे नेमकं ऊन नसताना. पाचशे लिटर दूध पस्तीस अंशांवरून चार अंशांवर आणायला जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढी सुमारे १८५ किलो बर्फ वितळताना शोषतो. हा बर्फ दुपारी पॅनेलच्या विजेवर करून ठेवता येतो. त्याला डिझेल जनित्र लागत नाही, बॅटरीही लागत नाही. पाणी, नळ्या आणि जाड भिंतीची पेटी पुरते. आर्वी, कारंजा, आष्टी पट्ट्यातला संत्रा थंड ठेवायला हाच उपाय चालेल.

तिसरं काम मोठ्या संस्थांचं. सेवाग्राम, सावंगीसारखी रुग्णालयं, वसतिगृहं आणि भोजनगृहं यांना धुण्याचं, स्वयंपाकाचं गरम पाणी पावसाळा असो की मे, रोज लागतं. तिथली टाकी जेवढी मोठी, तेवढी साठ्याच्या मानानं तिची गळती कमी. म्हणून सुरुवात तिथून व्हावी.

दिवे, पंखे, फोन आणि संगणक यांना वीजच लागेल आणि त्यासाठी बॅटरी घ्यावीच. पाणी उंचावर चढवून साठवण्याचा घाटघरसारखा २५० मेगावॉटचा प्रकल्प सह्याद्रीच्या कड्यावर शोभतो. वर्ध्याच्या सपाटीला तो उतारच नाही. तेव्हा जिल्ह्याच्या प्रत्येक सौर प्रस्तावात बॅटरीचा आकडा लिहिण्याआधी एक रकाना सक्तीचा असावा: या संस्थेला, या डेअरीला, या गावाला रोज किती उष्णता लागते, किती थंडावा लागतो आणि कोणत्या तासाला? तो रकाना प्रामाणिकपणे भरला, तर निम्मी साठवण पाण्यात आणि बर्फात निघेल आणि उरलेल्या कामाची बॅटरी परवडण्याइतकी लहान होईल. ज्या रूपात खर्च व्हायचा, त्याच रूपात साठा करावा. हे तत्त्व अमान्य असणाऱ्यांनी आपला हिशेब मांडावा. मी माझा वर मांडला आहे.