पडद्याचे क्षणिक मौन

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र ही या भागाची औद्योगिक बाराखडी होती. आणि कडबा कापताना पात्याच्या तोंडाशी हात न्यावा लागतो, ही अडचण ज्याने एकदा अनुभवली, त्याला यंत्र आणि माणूस यांच्यामधील अंतराचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आज सातारा, मिरज, कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींत हे अंतर राखण्याचे काम लाईट कर्टन करतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांच्या या पडद्यातला एक जरी किरण अडला, तरी यंत्र थांबते. चालत्या माणसाचा वेग सेकंदास १६०० मिलिमीटर धरून, यंत्रास थांबण्यास लागणाऱ्या वेळाच्या हिशेबाने पडदा किती दूर लावावा, हे ठरवतात. परंतु भरलेले पॅलेट कन्व्हेयरवरून याच वाटेने आत जायचे असेल, तर प्रत्येक खेपेस यंत्र बंद पडून कसे चालेल? म्हणून पडद्यास क्षणभर मौन धरण्याची जी मुभा दिलेली असते, तिला म्यूटिंग म्हणतात. आणि ही मुभा मालासाठी आहे, माणसासाठी नव्हे. तिची रचना मला अत्यंत विचारपूर्वक केलेली वाटते. दोन स्वतंत्र सेन्सरांचे किरण परस्परांना छेदतात, आणि तो छेदनबिंदू पडद्यापलीकडे, धोक्याच्या बाजूस ठेवलेला असतो. रुंद पॅलेट पडद्यापाशी पोचण्यापूर्वीच दोन्ही किरण एकदम अडवते. एकट्या माणसाला मात्र ते दोन्ही अडवण्यासाठी छेदनबिंदूपर्यंत जावे लागते, आणि तेथे पोचण्याआधीच त्याने पडदा भेदून यंत्र थांबवलेले असते. दोन्ही साक्षी ठरावीक वेळेत जुळल्या नाहीत, तर मुभा नाही. माल पलीकडे जाताच ती आपोआप संपते, आणि ती चालू असेतो दिवा लागलेला असतो.

इतक्या सावधपणे घातलेल्या या अटींचा अर्थ जेव्हा एखाद्या पाळीत सेन्सरवर चिकटपट्टी लावून किंवा जोडणीत तारेचा तुकडा घालून पुसला जातो, आणि त्या कायमच्या आंधळेपणालाही म्यूटिंग हेच नाव दिले जाते, तेव्हा मला मनस्वी खेद होतो. कामगारास दोष देऊन हे मिटणार नाही. पडदा वारंवार विनाकारण यंत्र थांबवत असेल, तर सेन्सरची जागा चुकली आहे किंवा पॅलेट वाकडे येते आहे, आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक भाग सुरक्षित आडोशाआड ठेवण्याचे बंधन भोगवटादारावर घातले, कामगारावर नव्हे.

पॅलेट मध्येच अडकले, तर पडदा अडलेला असतानाही यंत्र चालवून ते बाहेर काढण्यासाठी जी किल्ली वापरावी लागते, ती कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिचा वापर वहीत नोंदला जातो की नाही, हे मालकाने उद्याच्या पहिल्या पाळीस स्वतः यंत्रापाशी जाऊन पाहावे.